ऑस्टेन, जेन : जीवनातील व कादंबऱ्यांतील स्थळे

जेन ऑस्टेन (१६ डिसेंबर १७७५–१८ जुलै १८१७) ह्या इंग्रज कादंबरीकर्त्रीच्या जीवनातील व कादंबऱ्यांतील स्थळे नकाशावर निश्चित करण्याचा प्रयत्न वाचकांनी व अभ्यासकांनी वारंवार केला आहे. तिचा समकालीन वॉल्टर स्कॉट स्कॉटलंडचे डोंगर व सरोवरे विस्ताराने रंगवितो. ऑस्टेनची निसर्गवर्णने मात्र त्रोटक असतात. स्थळाच्या रूपापेक्षा त्याचे अंतर आणि त्याची सामाजिक पत यांकडे तिचे अधिक लक्ष असते.

हँपशर परगण्यातील स्टीव्हंटन येथे तिचा जन्म झाला. १८०१ मध्ये धर्मोपदेशक वडिलांसह कुटुंब बाथ येथे गेले. १८०५ मध्ये वडील तेथेच वारले. काही काळ साउथॅम्प्टनमध्ये काढल्यावर १८०९ मध्ये ती पुन्हा हँपशरमधील खेड्यात, चॉटन येथे, स्थायिक झाली. हयातीत प्रसिद्ध झालेल्या चारही कादंबऱ्यांना अंतिम रूप तेथेच मिळाले. तिचे निधन विंचेस्टर येथे झाले. असे असूनही तिच्या सहा पूर्ण कादंबऱ्यांत हँपशर आढळते ते मुख्यतः मॅन्सफील्ड पार्क (१८१४) मधील पोर्टस्मथच्या प्रकरणांत. स्वतःचा परगणा तिने जणू जाणूनबुजून टाळला.

अंतरांबाबत ती काटेकोर होती. कादंबरी लिहू पाहणाऱ्या ॲना ह्या पुतणीला तिने १८१४ मध्ये कळविले, की लाइम हे डॉलिशपासून सु. ४० मैल दूर असल्याने तेथील लोकांच्या बोलण्यात ते येणार नाही. स्वतः न पाहिलेल्या प्रदेशाविषयीही ती सावध असे. नॉर्थँप्टनशरमध्ये शेतांना झुडपांची कुंपणे असतात की नाही, याची तिने पत्रातून चौकशी केली होती.

ह्या काटेकोरपणामुळेच शोधकांची फसगत होते. एमा (१८१५) मधील हायबरी हे लंडनपासून १६, रिचमंडपासून ९ आणि बॉक्स हिलपासून ७ मैलांवर आहे. तिन्ही अंतरे जुळतील असे गाव सरीमध्ये सापडत नाही. लेदरहेडचे नाव सुचविले जाते, पण ते बॉक्स हिलच्या फारच जवळ आहे. प्राइड अँड प्रेजुडिस (१८१३) मधील पेंबर्ली म्हणजे चॅट्सवर्थ, ही समजूत २००५ च्या चित्रपटाने अधिकच दृढ केली. वस्तुतः कादंबरीत चॅट्सवर्थचा उल्लेख प्रवासातील एक वेगळे प्रेक्षणीय स्थळ म्हणून आलेला आहे. ज्या घरांत पात्रे राहतात ती बहुधा काल्पनिक, आणि ज्या शहरांना ती भेट देतात ती खरी, असा तिचा प्रघात दिसतो.

खऱ्या शहरांपैकी बाथ हे सर्वांत अर्थपूर्ण होय. नॉर्थँगर ॲबीमधील सतरा वर्षांच्या कॅथरिनला ते मोहविते. पर्स्वेशनमधील सत्तावीस वर्षांच्या ॲन एलियटला ते नकोसे वाटते (दोन्ही कादंबऱ्या मरणोत्तर, १८१७). पर्स्वेशनमध्ये तर पत्ता हाच दर्जाचा निदर्शक आहे. कर्जबाजारी सर वॉल्टर उंचावरील कॅम्डन प्लेस येथे बिऱ्हाड थाटतो. लेडी डॅलरिंपल लॉरा प्लेसमध्ये उतरते. ॲनची विपन्न व आजारी मैत्रीण श्रीमती स्मिथ मात्र वेस्टगेट बिल्डिंग्ज ह्या सखल भागात राहते. लॉरा प्लेसचे निमंत्रण टाळून ॲन ह्या मैत्रिणीकडे जाते, तेव्हा पित्याची तुच्छता प्रथम उमटते ती त्या वस्तीच्या नावावर. दोन वस्त्यांमधील अंतर थोडक्या मिनिटांचे. पण ॲनचा स्वतंत्र बाणा येथे जितका स्पष्ट होतो, तितका लांबलचक संवादांतूनही झाला नसता. सिडनी प्लेसपासून ट्रिम स्ट्रीटपर्यंत घसरत गेलेली स्वतःची बिऱ्हाडे लेखिकेला ठाऊक होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. चरित्राचा नकाशा येथे खरोखर उपयोगी पडतो. पेंबर्लीच्या शोधात तो पडत नाही.

लाइम येथील धक्क्यावर आजही वाचक लुइझा मस्ग्रोव्ह ज्या पायऱ्यांवरून पडली त्या पाहावयास जातात. टेनिसननेही तेथे गेल्यावर प्रथम तीच जागा दाखविण्यास सांगितले होते, असे म्हणतात.