मंत्री, सुमंत आणि संमत

1670 च्या अखेरीस मराठी फौजेने लाडांचे कारंजे लुटले. 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले आणि आता वाशिममध्ये गेलेले हे गाव तेव्हा मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातली नामांकित पेठ होती. बागलाण, खानदेश ओलांडून फौज नेमकी याच पेठेवर येते, ती पक्क्या खबरीशिवाय येत नाही. अशा खबरी ऐकायच्या कोणी, पारखायच्या कोणी, याची लेखी घडी पाहायची तर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक 1 चा, म्हणजे 1674 चा कानूजाबता वाचावा. अष्टप्रधानांची कामे नेमून देणारा हा छोटा दस्तऐवज आहे. त्यात एक शब्द वाया गेलेला नाही.

पदे बहुतेक जुनीच होती. वाकनिसाचा मंत्री झाला, डबिराचा सुमंत झाला, एवढे शाळेत पाठ होते. कलमे मात्र वाचायची राहून जातात. मंत्री दत्ताजी त्रिंबक यांचे कलम बघा. मंत्रविचार आणि राजकारण त्यांच्याकडे, आणि त्याला लागूनच आमंत्रण, निमंत्रण आणि वाकनिशी. मसलतीच्या शेजारी जेवणावळ कशाला, असे क्षणभर वाटते. पण राजाजवळ कोण येतो, पंगतीला कोण बसतो, कोण बोलावल्याशिवाय आला, हे ज्याला रोज ठाऊक त्याच्याच दप्तरात रोजची टिपणे. घरातला फितूर हेरायला याहून मोक्याची जागा कुठली? प्रतापगडाची भेट आणि आग्र्याचा दरबार अनुभवलेल्या राजानेच भेटीगाठींचे खाते असे मसलतीला जोडावे. या जोडणीला दाद द्यावी तेवढी थोडी.

सुमंताकडे परराज्याचा विचार आणि तिकडून येणाऱ्या वकिलांचा सत्कार. पाहुणचार करणारा तोच कान देऊन ऐकणारा. आतले मंत्र्याकडे, बाहेरचे सुमंताकडे. सगळ्या खबरी एकाच मुठीत नाहीत.

मग दोन्ही टोके जुळायची कुठे? कागदावर. मुख्य प्रधानाने शिक्का करायचा, सचिवाने अधिक-उणे अक्षर शोधून मजकूर शुद्ध करायचा, आणि मंत्री व सुमंत या दोघांनीही राजपत्रावर ‘संमत’ असे चिन्ह करायचे. म्हणजे एकाला ठाऊक आणि दुसरा अंधारात, असे राजपत्र बाहेर पडूच नये. समन्वयासाठी निराळी समिती नाही. हातोहात फिरणारा कागदच ते काम करतो. मला या कलमांतले सर्वांत देखणे कलम हेच वाटते.

आणखी एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकी प्रधानांना युद्धप्रसंगही नेमून दिला आहे, मंत्री आणि सुमंत यांनासुद्धा. जी खबर खरी मानून सल्ला दिला, तिच्या भरवशावर स्वतःच घोड्यावर बसायचे! खबर पारखताना माणूस किती सावध राहील, हे वेगळे सांगायला नको.

आणि आठांत कोण नाही, तेही पाहा. जालन्याच्या 1679 च्या मोहिमेनंतर फौजेला आडवाटेने पट्टागडावर सुखरूप आणणारे जासूद बहिर्जी नाईक बखरींतून भेटतात, प्रधानमंडळात नाहीत. खबर आणणारा वेगळा, तोलणारा वेगळा. आजची रीत निराळी आहे. 2018 मध्ये केंद्राने राष्ट्रीय सुरक्षेसाठीच्या स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुपची फेररचना केली तेव्हा अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवांकडून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांकडे गेले, आणि सदस्यांत गुप्तवार्ता विभागाचे संचालक आहेत तसे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरही. सभासद वाढले की माहितीची आवक वाढते, हे खरे. पण कोणी काय करायचे आणि कशावर सही करायची, हे एका ओळीत सांगण्याची कानूजाबत्याची सफाई मला आजच्या कुठल्याही शासन निर्णयात सापडलेली नाही.

अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी बसणाऱ्या मुलामुलींनी अष्टप्रधानांची यादी पाठ करण्याआधी ही कलमे मुळातून वाचावीत. एका बैठकीत वाचून होतात.