कपाशीवरील संशोधन आणि फवारणाऱ्याचे आरोग्य : एक चिकित्सा

वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरपासून अकोल्यापर्यंतचा वऱ्हाड हा प्रामुख्याने कोरडवाहू कपाशीचा प्रदेश होय. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीने प्रारंभी बोंडअळीला आळा घातला. मात्र तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींपासून तिला संरक्षण नव्हते. पुढे गुलाबी बोंडअळीतही प्रतिकारक्षमता निर्माण झाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. वाणाचे यश मुख्यतः उत्पादन व कीडनियंत्रण यांवर जोखले गेले. फवारणाऱ्याचे आरोग्य हा विषय वैद्यकशास्त्रावर सोपविला गेला. ही विभागणीच मुळात सदोष आहे. वाणाच्या मूल्यमापनात फवारण्यांची संख्या व विषबाधेच्या नोंदी समाविष्ट झाल्याशिवाय कोणत्याही वाणास शाश्वत म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे ठरते.