मागे सरकत गेलेला खेळाडू

29 जून 1958. स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना इथलं रासुंडा मैदान पावसाने ओलं झालेलं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची जेमतेम चार मिनिटं झालेली. स्वीडनचा कर्णधार निल्स लीडहोल्म ब्राझीलच्या पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी चेंडू घेतो. समोर दोन बचावपटू. आता तो फटका मारणार असं आपल्याला वाटतं, त्या दोघांनाही वाटतं. आणि तो मारत नाही. चेंडू जरासा बाजूला घेतो, एक बचावपटू चकतो. आणखी जरासा, दुसराही मागे पडतो. मग जमिनीलगत, कोपऱ्यात. गोलरक्षक जिल्मार झेपावतो तोवर उशीर झालेला असतो.

या गोलचं कृष्णधवल चित्रण आज कुणालाही पाहता येतं. फटक्यात तसं काही विशेष नाही, जोरही बेताचाच. रस आहे तो फटक्याआधीच्या दोन थांब्यांत. ठाय लयीत गाणारा समेवर येण्याची घाई करत नाही, तसं हे. मायदेशाचं मैदान, राजा प्रेक्षकांत, समोर ब्राझील आणि चौथंच मिनिट. अशा वेळी भल्याभल्यांचे पाय आपोआप पळू लागतात. लीडहोल्म तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा मान अजून त्याच्याच नावावर आहे. 2022 साली मेस्सीने अंतिम सामन्यात दोन गोल केले, तोही पस्तीस वर्षांचाच होता, पण लीडहोल्मपेक्षा जवळजवळ तीन महिन्यांनी लहान. गंमत अशी की अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वांत लहान खेळाडूही याच सामन्यातला. सतरा वर्षांचा पेले. स्वीडन 5-2 असा हरला आणि ती दुपार पेलेच्या नावावर जमा झाली. ते योग्यच आहे. पण त्या स्पर्धेत ब्राझीलला पिछाडीवर टाकणारा एकच गोल झाला, तो हा.

लीडहोल्मची कारकीर्द नीट पाहिली तर तिला एक दिशा दिसते: गोलपासून दूर जाण्याची. 1922 साली स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाल्देमार्सविक या लहानशा गावात जन्म. पुढे नॉरशॉपिंगकडून स्वीडिश लीगची विजेतेपदं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने सुवर्णपदक जिंकलं तेव्हा तो डावा विंगर होता, रेषेलगत पळणारा. (याच ऑलिंपिकमध्ये भारताचे अनवाणी खेळाडू फ्रान्सकडून 2-1 असे हरले होते, स्वीडनने कोरियावर बारा गोल चढवले.) 1949 मध्ये तो एसी मिलानकडे गेला. मग आक्रमणातली आतली जागा, मग मधली फळी, आणि शेवटच्या वर्षांत थेट बचावाच्या मध्यभागी. 1961 मध्ये बूट उतरवले तोवर मिलानसाठी लीगचे 359 सामने आणि 81 गोल झाले होते. वय वाढलं की खेळाडू मागे सरकतात, त्यात नवल नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती तडजोड असते. लीडहोल्म मात्र प्रत्येक पाऊल मागे गेल्यावर थोडं अधिक मैदान पाहू लागला.

मिलानमध्ये तो एकटा नव्हता. गुन्नार ग्रेन, गुन्नार नोर्डाल आणि लीडहोल्म या तीन स्वीडिश खेळाडूंच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून इटलीने त्यांना ‘ग्रे-नो-ली’ करून टाकलं. ग्रेनला लोक प्रोफेसर म्हणत. नोर्डाल पूर्वी अग्निशमन दलात नोकरीला होता आणि बचावफळीत शिरायचाही तसाच, दार तोडून. मिलानकडून लीगमध्ये त्याने 210 गोल केले. फेब्रुवारी 1950 मध्ये युव्हेंटसला त्यांच्याच घरी 7-1 असं झोपवणारा संघ तो हाच. पुढच्या वर्षी मिलानने विजेतेपद मिळवलं, 44 वर्षांनंतर. यातले किती गोल लीडहोल्मच्या पायातून सुरू झाले याची नोंद त्या काळी कुणी ठेवत नसे.

त्याऐवजी लोकांनी एक दंतकथा ठेवली. सॅन सिरो मैदानावर लीडहोल्मचा एकही पास दोन वर्षं चुकला नाही, म्हणे. मग एके दिवशी चुकला, आणि अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. ही गोष्ट शब्दशः खरी मानायला मी तयार नाही. मिलान शहरात धुकं असतं, मैदानात चिखल होतो, आपलेच सहकारी भलतीकडे पळतात. पण दंतकथेचा विषय पाहा. फुटबॉलमधल्या दंतकथा गोलच्या असतात, भांडणांच्या असतात, फार तर एखाद्या अफाट धावेच्या. पासची दंतकथा, तीही चुकलेल्या पासची, मला दुसरी माहीत नाही. पास हे दुसऱ्याच्या पायाशी पोचून संपणारं काम. ते करणाऱ्याला प्रेक्षकांनी उभं राहून दाद दिली असं ज्या शहराला सांगावंसं वाटलं, त्या शहराने हा खेळाडू बरोबर ओळखला होता.

स्वीडनने मात्र ऐन बहरात त्याला दूर ठेवलं. तिथल्या फुटबॉल संघटनेचा दंडक असा की परदेशात पैसे घेऊन खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाचं दार बंद. 1950 च्या विश्वचषकात स्वीडन ‘ग्रे-नो-ली’ या तिघांशिवाय खेळला आणि तरी तिसरा आला. स्पर्धा घरी आली तेव्हा कुठे हा हट्ट सुटला. रासुंडावरच्या अंतिम सामन्याआधी महिनाभर, 28 मे 1958 ला, ब्रुसेल्समध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात लीडहोल्मच्या नेतृत्वाखाली मिलानने रेआल माद्रिदविरुद्ध दोनदा आघाडी घेतली आणि जादा वेळेत सामना 3-2 असा गमावला. म्हणजे एका उन्हाळ्यात दोन सर्वोच्च सामने, दोन्हींत कर्णधार तो, दोन्हींत पहिला गोल त्याच्या संघाचा, आणि दोन्हींत हार.

खेळणं थांबल्यावर मागे सरकायला एकच जागा उरली होती, मैदानाबाहेरचा प्रशिक्षकाचा बाक. इटलीत त्या काळी बचाव म्हणजे आपापला माणूस धरायचा आणि तो जाईल तिकडे त्याच्या मागे जायचं. लीडहोल्मने रोमा या क्लबमध्ये माणसाऐवजी जागा राखायला लावली. याचा फायदा चेंडू मिळाल्यावर दिसतो. कुणी कुणाच्या मागे भरकटलेलं नसतं, त्यामुळे पास द्यायला माणूस जागेवर सापडतो. खरं सांगायचं तर त्या रोमाचे काही सामने पाहताना जांभई येते, इतका वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहतो. पण 1983 मध्ये याच खेळाने रोमाला 1942 नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. त्या संघाचा कर्णधार आगोस्तिनो दी बार्तोलोमेई मूळचा मधल्या फळीतला, पायांनी मंद, नजरेने तल्लख. लीडहोल्मने त्याला बचावाच्या मागे नेऊन उभं केलं आणि धावण्याची कामं शेजारच्या व्हियेर्कोवोदवर सोपवली. स्वतःच्या कारकिर्दीतलं शेवटचं पान त्याने दुसऱ्याच्या हातात दिलं, असा मी याचा अर्थ लावतो. 1984 चा युरोपियन कपचा अंतिम सामना रोमाच्या स्वतःच्याच मैदानावर झाला. तोही गेला, लिव्हरपूलविरुद्ध, पेनल्टींवर.

मागच्या जागांवर त्याचा जीव होता हे त्याने निवडलेल्या पोरांवरूनही कळतं. 1978 मध्ये मिलानसाठी सतरा वर्षांच्या फ्रांको बारेसीला पहिला सामना त्यानेच दिला. 20 जानेवारी 1985 ला उदिनेमध्ये मध्यंतराला एक खेळाडू जायबंदी झाला, तेव्हा लीडहोल्मने सोळा वर्षांचा मुलगा उतरवला, पाओलो मालदिनी. ब्रुसेल्सच्या त्या सामन्यात लीडहोल्मच्या मागे बचाव सांभाळणाऱ्या चेझारे मालदिनीचा हा मुलगा. पुढे चोवीस वर्षं तो मिलानच्या बचावफळीतून हलला नाही. मे 2007 मध्ये अथेन्सला त्याने कर्णधार म्हणून युरोपचा करंडक उचलला, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा लीडहोल्म हयात होता. हरलेला संघ होता लिव्हरपूल.