क्षमा, सत्यकथन आणि समेट : ‘स्मृतिचित्रे’चा ख्रिस्ती क्षमाविचाराच्या संदर्भात पुनर्विचार

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात त्याचे स्थान निर्विवाद आहे. त्यातील प्रसन्न विनोद, बोलीचा गोडवा आणि निर्व्याज आत्मनिवेदन यांविषयी मराठी समीक्षेने भरभरून लिहिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक या कवीचे जवळून घडलेले दर्शन म्हणूनही या ग्रंथाची महती गायिली गेली आहे. या कौतुकात एक प्रश्न मात्र मागे पडलेला दिसतो. पत्नीच्या संमतीवाचून धर्मांतर करणारा पती आणि त्यामुळे आप्त, समाज व संसार यांना एकाच वेळी पारखी झालेली पत्नी यांचा पुढे समेट झाला, तो नेमका कशाच्या बळावर? तो ख्रिस्ती क्षमेचा विजय होता, पतिव्रताधर्माचा की परिस्थितीपुढील शरणागतीचा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. क्षमा आणि समेट या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा सत्यकथन हा आहे, असे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनातून दिसते, हे येथील प्रतिपादन आहे.

क्षमेच्या दोन कल्पना

मराठी वाचकाच्या मनातील क्षमेची प्रतिमा प्रामुख्याने संतपरंपरेने घडविलेली आहे. पैठणला गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक मनुष्य वारंवार थुंकतो आणि एकनाथ तितक्याच वेळा शांतपणे पुन्हा स्नानास जातात, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. येथे अपमान सोसणाऱ्याची शांती हीच क्षमा होय. तो काही बोलत नाही. अखेरीस अपराध्याचे मन आपोआप विरघळते.

शुभवर्तमानांतील क्षमाविचार याहून काहीसा निराळा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दोन भाग लागोपाठ येतात. क्षमा किती वेळा करावी या पेत्राच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आणि निर्दय चाकराचा दृष्टान्त हा त्यांतील प्रसिद्ध भाग. परंतु त्याच्या आधी एक कार्यपद्धती सांगितली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अपराध्याला एकांतात गाठून त्याचा दोष त्याच्या पदरात घालावा. त्याने न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावेत आणि तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे गोष्ट मांडावी, असा तिचा क्रम आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातही आधी दोष दाखविणे, मग पश्चात्ताप आणि मग क्षमा अशी साखळी आढळते. उलट, पर्वतावरील प्रवचनात अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्याला, ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशा भावाची आठवण झाल्यास, अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्यास सांगितले आहे. म्हणजे बोलण्याची जबाबदारी पीडितावर आहे, तशी उठून जाण्याची जबाबदारी अपराध्यावरही आहे.

या चौकटीत मुकाट्याने सोसणे म्हणजे क्षमा, असे समीकरण मांडता येत नाही. अन्यायाचा उच्चार हा क्षमेचा विरोधी नसून तिची पहिली पायरी ठरतो. व्यासपीठावरून होणाऱ्या उपदेशात ही पायरी पुष्कळदा गाळली जाते आणि दुर्बलाला, विशेषतः स्त्रीला, थेट शेवटच्या पायरीवर उभे केले जाते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वियोग आणि पुनर्मीलन

१८९३ मध्ये नागपूर–राजनांदगाव प्रवासात टिळकांना आगगाडीत भेटलेल्या युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त होती. माहेरच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना हा वियोग विधवेच्या दुःखाहूनही विचित्र होता. पती हयात होता, परंतु समाजाच्या दृष्टीने तो नाहीसा झालेला होता. लहानग्या मुलाचे काय होणार, ही चिंता निराळीच. याच काळात दुःखाला वाट देण्यासाठी त्या पद्यरचना करू लागल्या, हे त्यांच्या वाङ्मयीन चरित्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

तत्कालीन कायद्याचा विचार येथे करणे उचित होईल. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदविषयक कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदार सहवासास नकार देत असल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयामार्फत विवाह संपुष्टात आणून पुनर्विवाह करण्याची वाट उपलब्ध होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे पाठवीत राहिले, कविता लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. वेदीपाशी अर्पण ठेवून समेटासाठी उठणाऱ्या माणसाची ही भूमिका आहे, असे म्हणता येईल.

परंतु ग्रंथातील खरा रस लक्ष्मीबाईंच्या बाजूने घडणाऱ्या हालचालीत आहे. त्या तेव्हाच्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. पतीच्या गावी येऊनही त्यांनी आपले सोवळे आणि आपला धर्म लगेच सोडला नाही. एकत्र येणे आणि एकमत होणे यांतील अंतर त्यांनी राखले. बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये झाला, आणि तोही स्वतःच्या विचाराची वाटचाल पूर्ण झाल्यानंतर. समेट आधी आणि धर्मांतर नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘ख्रिस्ती झाल्यामुळे क्षमा करता आली’ असे सरळ सूत्र या क्रमामुळे टिकत नाही.

क्षमा की अगतिकता?

स्त्रीवादी दृष्टीने पाहणारा वाचक येथे रास्त आक्षेप घेईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राह्मण कुटुंबातील परित्यक्तप्राय स्त्रीपुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता? धर्मांतरिताला कायद्याने विवाहविच्छेदाची सोय दिली. मागे राहिलेल्या पत्नीला समाजाने पुनर्विवाहाची सोय दिलेली नव्हती. अशा विषम स्थितीत ‘तिने क्षमा केली’ असे म्हणणे म्हणजे अगतिकतेला सद्गुणाचे नाव देणे नव्हे काय?

हा आक्षेप सहजासहजी बाजूला सारता येत नाही. नकार देण्याचे सामर्थ्य नसलेल्याच्या होकाराला क्षमेचे मूल्य कितपत द्यावे, हा प्रश्न आजच्या कुटुंब-समुपदेशनाच्या क्षेत्रातही जिवंत आहे. ‘सांभाळून घे’ हा सल्ला समेटाच्या नावाने दिला जातो, तेव्हा तो प्रायः एकाच पक्षाला दिला जातो.

तथापि, ‘स्मृतिचित्रे’तील साक्ष या आक्षेपाला काही अंशी उत्तर देते. आप्तांनी लक्ष्मीबाईंना आधार दिला होता; माघारी राहण्याची वाट खडतर असली तरी पूर्णतः बंद नव्हती. शिवाय त्यांनी समेटाची गती स्वतःच्या हाती ठेवली. सहवास मान्य करतानाही श्रद्धेबाबतचा निर्णय त्यांनी पतीच्या स्वाधीन केला नाही. विलंब करण्याचा, अंतर राखण्याचा आणि स्वतः पटल्यावरच पुढचे पाऊल टाकण्याचा अधिकार त्यांनी कृतीने मिळविला. त्यांचे स्वातंत्र्य त्या काळाच्या मर्यादेतले आहे, परंतु ते आहे. क्षमेचे मूल्य ठरविताना या विलंबाला प्रत्यक्ष समेटाइतकेच महत्त्व द्यावयास हवे.

जातिभेद : पीडित आणि अपराधी यांची अदलाबदल

व्यक्तिगत संघर्षात लक्ष्मीबाई अन्याय सोसणाऱ्या पक्षात आहेत. सामाजिक संघर्षात चित्र पालटते. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात तत्कालीन अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्यात वावरताना लक्ष्मीबाईंचे सोवळे हे केवळ खासगी आचरण राहत नाही; ते समोरच्या माणसाचा रोजचा अपमान ठरते. येथे त्या स्वतः अन्याय करणाऱ्या व्यवस्थेच्या प्रतिनिधी आहेत.

या जाणिवेपर्यंतचा प्रवास त्यांनी कोणताही आव न आणता सांगितला आहे. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी त्या झगडतात. भेद माणसाने निर्माण केला असेल तर तो आपण का पाळावा, या निष्कर्षाला येतात. आणि मग कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सिद्ध होतात. हा पालट बाप्तिस्म्यापूर्वीचा आहे. पुढे प्लेगच्या काळात रुग्णांची सेवा, अनाथ मुलांना घरात आसरा हे त्याचेच व्यावहारिक रूप होय.

क्षमाविचाराच्या दृष्टीने हा भाग विशेष मोलाचा आहे. सामुदायिक संघर्षात शांतता नांदावी यासाठी बहुधा दलितांना, पीडितांना मागचे विसरण्याचे आवाहन केले जाते. ‘स्मृतिचित्रे’त त्याच्या उलट घडते. येथे बदलावे लागते ते वरच्या जातीतील व्यक्तीला. तिचा पश्चात्ताप शब्दांत नसून पाणी पिण्यात, शेजारी बसण्यात, सेवेत आहे. पीडितांकडून क्षमेची मागणी न करता स्वतःचे वर्तन बदलणे, हा समेटाचा आरंभ येथे दिसतो.

अर्थात ग्रंथाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. ज्यांच्या हातचे पाणी घेतले गेले, त्यांना त्या क्षणी काय वाटले, हे वाचकाला लक्ष्मीबाईंच्या दृष्टीतूनच कळते. त्यांनी क्षमा केली किंवा नाही, हे सांगण्याचा अधिकार त्यांचाच होता आणि तो आवाज या ग्रंथात स्वतंत्रपणे उमटत नाही. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची ही स्वाभाविक मर्यादा असली, तरी ‘समेट झाला’ असा निर्वाळा समीक्षकाने परस्पर देऊ नये.

सत्यकथनाचे मूल्य

‘स्मृतिचित्रे’ची निर्मिती टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहाव्यात, या मुलाच्या आग्रहातून झाली. टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले होते. अशा वेळी दिवंगत पतीचे गौरवपर चित्रण करणे सोपे आणि अपेक्षितही होते. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता निघून जाणे, हाती आलेला पैसा न टिकणे, संसाराविषयीची बेफिकिरी हे सर्व त्यांनी नोंदविले आहे; आणि त्याच लेखणीने त्यांचे औदार्य, त्यांची काव्यशक्ती व त्यांचे निरागस मनही रेखाटले आहे. स्वतःच्या हट्टालाही त्यांनी सवलत दिलेली नाही.

या लेखनातील विनोदाकडे केवळ शैलीचे अंग म्हणून पाहणे अपुरे ठरते. दुखावलेले मन अन्याय विसरते तेव्हा ते गप्प होते. अन्यायाच्या आहारी जाते तेव्हा ते कडवट होते. अन्याय आठवून, तो पूर्णपणे सांगूनही ज्याला हसता येते, त्याच्यावरील अन्यायाची पकड सुटलेली असते. लक्ष्मीबाईंचा विनोद ही क्षमेची खूण आहे. ग्रंथात ‘मी क्षमा केली’ अशी घोषणा शोधण्याची आवश्यकता त्यामुळे उरत नाही.

सत्यकथन आणि क्षमा यांच्या याच संबंधाची चर्चा शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय पातळीवर झाली. १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या सत्य व समेट आयोगाने, राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्यांची संपूर्ण कबुली देणाऱ्यांना माफी देण्याची तरतूद अमलात आणली. टूटूंनी १९९९ मधील आपल्या पुस्तकात क्षमेवाचून भवितव्य नाही, अशी भूमिका मांडली. परंतु माफीसाठी कबुली आवश्यक होती, पश्चात्ताप नव्हे. आणि स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी इतरांसह १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयात या तरतुदीस आव्हान दिले. ते फेटाळले गेले, तरी पीडिताच्या वतीने शासनाने क्षमा करावी काय, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

एका राष्ट्राचा आयोग आणि एका स्त्रीचे आत्मचरित्र यांची तुलना प्रमाणाच्या दृष्टीने विषम आहे. तरीही दोहोंतून एकच सूत्र हाती लागते. सत्य बाहेर आल्यावाचून समेट पोकळ राहतो. आणि क्षमा देण्याचा किंवा न देण्याचा निर्णय सोसणाऱ्याकडेच राहिला पाहिजे. लक्ष्मीबाईंनी सांगण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला, म्हणून त्यांच्या क्षमेला वजन आहे.

समारोप

टिळकांनी आरंभिलेले आणि अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचा बहुतांश भाग त्यांच्या लेखणीतून उतरलेला आहे. ज्या श्रद्धेने एकेकाळी संसार दुभंगला, तिचेच काव्य त्यांनी स्वतःच्या शब्दांत पुढे लिहिले. पतीचे अपुरे काव्य पुढे नेणे आणि पतीचे दोष नोंदविणे ही दोन कामे एकाच व्यक्तीने, आयुष्याच्या उत्तरार्धात केली. ती परस्परविरोधी वाटत असतील, तर क्षमेची आपली कल्पना तपासून पाहावी लागेल.

‘स्मृतिचित्रे’च्या आधारे तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. अन्यायाचे नाव घेता येणे हा तिचा पाया आहे. दुसरा, समेटाला वेळ लागतो आणि तो वेळ ठरविण्याचा हक्क पीडिताचा आहे. तिसरा, एकच व्यक्ती घरात पीडित आणि समाजात अपराधी असू शकते. तेव्हा क्षमा करण्याची तयारी आणि क्षमा मागण्याची तयारी तिच्या ठायी एकत्र असावी लागते. महाविद्यालयीन अध्यापनात हा ग्रंथ विनोदी, रसाळ आत्मचरित्र म्हणून शिकविला जातो. संघर्ष आणि समेट यांवरील चिंतनाचा ग्रंथ म्हणूनही तो विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास, ‘सांभाळून घेणे’ आणि ‘क्षमा करणे’ यांतील अंतर त्यांना वाङ्मयातूनच उमगू शकेल.