दोन आद्याक्षरांचा मित्र

हिवाळ्याच्या तोंडीं, पहिलें बर्फ पडत असतां, मित्रासह पहाडांतील रानवाट चालल्याचें वर्णन हातीं आलें कीं, वाचकाची अपेक्षा ठरलेली असते: शुभ्र वृक्ष, चहाची ऊब, थोडी थट्टामस्करी आणि शेवटीं शिखराचें दर्शन. पीटर मॅथिसन ह्यांचें ‘द स्नो लेपर्ड’ (1978) हें पुस्तक ह्या अपेक्षेचा जागोजाग भंग करतें. त्याची कीर्ति त्यांतील बौद्ध चिंतनावर उभी आहे; आम्हांस मात्र त्याचें मोल त्या अपेक्षाभंगांत दिसतें.

हकीकत साधी आहे. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर (कान्हाच्या जंगलांतील वाघ व हरणें ह्यांच्या अभ्यासामुळें हें नांव आमच्या वाचकांस परकें नसावें) ह्यांना नेपाळांतील डोल्पो प्रांतीं भरल ह्या रानमेंढ्यांचा माजाचा काळ पाहावयाचा होता. तो हिवाळ्याच्या आरंभीं येतो. म्हणून 28 सप्टेंबर 1973 रोजीं, पाऊस पुरता सरला नसतांनाच, दोघे मित्र पोखऱ्याहून पायीं निघाले. धोरपाटण येथें पावसानें व हमालांच्या टंचाईनें त्यांना अडकवून ठेवलें. खालीं पाऊस पडत होता, तेव्हां वरच्या खिंडींत बर्फ सांचत होतें.

‘शे’ येथील मठाजवळ ते 1 नोव्हेंबरला पोंचले. तेथील प्रकरणांचीच स्तुति बहुधा होते. आम्हांला त्यापूर्वीचा मार्ग अधिक आवडतो. शे येथें लेखक स्थिर बसतो आणि त्याचें ज्ञान वाचकाच्या खांद्यावर ओझ्यासारखें पडूं लागतें. सूचिपर्णी वृक्षांच्या ओल्या रानांतून तो चालत असतो, तेव्हां असें होत नाहीं. तेथें भिजलेला बूट आहे, निसरडा कडा आहे, आणि बर्फांत अनवाणी उतरणारे हमाल आहेत. मालकाला जें सौंदर्य, तेंच हमालाच्या टांचेला भेगा पाडतें. हें लेखकाला दिसतें आणि तो तें लपवीत नाहीं. हिमालयाचीं ‘रुपेरी’ वर्णनें करणाऱ्या आमच्याकडील प्रवासवर्णनकारांनीं एवढी एक गोष्ट जरी उचलली, तरी पुष्कळ झालें.

मित्राचें म्हणावें तर, शॅलर ह्यांचा निर्देश पुस्तकभर केवळ ‘जी. एस.’ ह्या दोन आद्याक्षरांनीं होतो. कर्करोगानें 1972 सालीं वारलेली पत्नी तर एका अक्षरावर आली आहे. प्रथम आम्हांस हा कोरडेपणा वाटला. पुढें ध्यानांत आलें कीं, ज्यांच्याविषयीं मन फार भरलेलें आहे, त्यांचीं नांवें ह्या गृहस्थांच्या हातून पुरीं लिहवत नाहींत. उलट टुक्तेन हा हमाल, ज्याच्याकडे बरोबरचे शेर्पा संशयानें पाहतात, तो पूर्ण नांवानें येतो, आणि परतीच्या वाटेवर तोच लेखकाच्या सर्वांत जवळ चालतो.

एका स्थळीं मात्र आमचें लेखकाशीं जमत नाहीं. घरीं आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याची आई जाऊन दोन वर्षेंहि झालेलीं नाहींत. नोव्हेंबरांतील सणाला परत येईन, असें त्याला वचन दिलेलें आहे. शे येथें पत्रें येतात, तीं लेखक न उघडतां बासनांत ठेवून देतो. चित्ताची शांति ढळूं नये म्हणून, असें त्याचें समर्थन. आम्हीं तें पान दोनदां वाचलें आणि दोन्ही वेळां पुस्तक मिटून ठेवलें. परंतु ही गोष्ट आम्हांस कळली ती त्यानेंच सांगितली म्हणून. तो ती गाळूं शकला असता. वचनहि त्याच्या हातून पाळलें जात नाहीं. 17,000 फुटांहून उंच अशा कांग ला खिंडींतील बर्फाचें भय ह्यानंतर निराळेंच वाटूं लागतें: ती वाट बंद झाली, तर कोणाकडे जाणारी वाट बंद होईल, हें आपणांस ठाऊक झालेलें असतें.

ज्याच्या नांवाचें हें पुस्तक, तो हिमबिबट्या लेखकाला शेवटपर्यंत दिसत नाहीं. शॅलर ह्यांनीं 1980 सालीं ‘स्टोन्स ऑफ सायलेन्स’मध्यें हाच प्रवास आपल्या बाजूनें लिहिला आहे, दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. टुक्तेनची बाजू कोणीं लिहिलेली नाहीं. बोधनाथच्या स्तूपापाशीं भेटण्याचें त्यानें कबूल केलें होतें. लेखक ठरल्याप्रमाणें तेथें जाऊन वाट पाहतो. टुक्तेन येत नाहीं.