फडात काटाजोड, तालमीत विकतचं बळ

फ्री फायर मॅक्सची गल्लीतली टूर्नामेंट भरवायची असेल तर कस्टम रूम उघडणारा मुलगा नकाशा निवडतो, स्क्वॉड किती ते ठरवतो आणि सेटिंगमध्ये जाऊन बंदुकांचे ‘अ‍ॅट्रिब्यूट’ बंद करतो. हे बटण राहून गेलं तर सामना संपल्यावर भांडण ठरलेलं. या खेळात बंदुकीची स्किन म्हणजे नुसता रंग नसतो. एका स्किनने गोळीचा मार वाढतो, दुसरीने मॅगझिन लवकर भरतं, तिसरीने पल्ला लांबतो. त्या बदल्यात एखादा गुण जरासा घटतो. स्किनच्या चित्राशेजारी अधिकच्या खुणा स्पष्ट दिसतात, कुठे एक, कुठे दोन. अशा बहुतेक स्किनसाठी डायमंड लागतात आणि डायमंड येतात रुपयांनी टॉप-अप मारून.

गेममधल्या किरकोळ खरेदीने, म्हणजे मायक्रोट्रान्झॅक्शनने, स्पर्धेचं नुकसान होतं का, हा वाद जगभर वीसेक वर्षं चालू आहे. ते बटण बंद करणाऱ्या मुलाने आपल्यापुरतं उत्तर देऊन टाकलेलं असतं.

महाराष्ट्राला हा मुद्दा समजावून सांगावा लागू नये. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात काटाजोड लावायची तर वस्ताद मंडळी वजन, उमर आणि अनुभव पाहूनच पैलवान समोरासमोर सोडतात. घरी कोण किती दूध-बदाम खातं हे कोणी विचारत नाही. फडात उतरल्यावर माती मात्र दोघांना एकच. संगणकीय खेळांची स्पर्धा उभी राहिली तीही याच विश्वासावर. 1998 च्या स्टारक्राफ्टची डिस्क एकदा विकत घेतली की कोरियातल्या नवख्याच्या हातात विजेत्याइतकंच सैन्य येई. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळणाऱ्या सगळ्या पोरांची एके-47 एकसारखाच मार करायची. हरलेल्याला दोष द्यायला स्वतःचा हात, फार तर कॅफेतला खराब माऊस सापडायचा.

पुढे खेळ फुकट झाले आणि दुकान खेळाच्या आत आलं. या बदलाला सरसकट शिव्या घालणं अन्यायाचं होईल. लीग ऑफ लेजंड्स 2009 साली फुकट आला म्हणूनच, ज्यांना महागडी डिस्क परवडली नसती अशी असंख्य मुलं स्पर्धेत उतरली. डोटा 2 ने तर 2013 मध्ये सगळे हिरो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मोकळे ठेवले आणि विकला फक्त साज: कपडे, शस्त्रांचं रूप, आवाज. त्याच वर्षी व्हॅल्व्ह कंपनीने ‘द इंटरनॅशनल’ या आपल्या मुख्य स्पर्धेसाठी एक डिजिटल पुस्तिका विकायला काढली आणि तिच्या विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसात घातला. 16 लाख डॉलरचं बक्षीस 28 लाखांवर गेलं, पुढच्या वर्षी एक कोटीपार आणि 2021 मध्ये थेट चार कोटी डॉलरवर. हे पैसे दिले खेळणाऱ्यांनी, कुणाचीही तलवार अधिक धारदार न करता. किरकोळ खरेदी आणि चोख स्पर्धा एका घरात नांदू शकतात याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

पण या घराचा पाया एकाच विक्रीवर उभा होता. 2023 मध्ये व्हॅल्व्हने सांगितलं की बहुतेक खेळाडू बॅटल पास, म्हणजे त्या पुस्तिकेचं पुढचं रूप, कधी घेतच नाहीत, तेव्हा वर्षभराची मेहनत त्यातच ओतणं थांबवायचं. त्या वर्षीचं बक्षीस 31 लाख डॉलरच्या आसपास आलं. खेळाची प्रत तीच होती, चाहतेही तेच. दुकानाची मांडणी बदलली आणि जगातली सर्वांत श्रीमंत ई-स्पोर्ट्स स्पर्धा दोन वर्षांत तेरापटीने रोडावली.

काउंटर-स्ट्राइकची गोष्ट याहून कडू. ऑगस्ट 2013 मध्ये त्यात बंदुकांच्या स्किन आल्या. त्यांनी गोळीत काडीचाही फरक पडत नाही, म्हणून त्या निरुपद्रवी ठरायला हव्या होत्या. पण त्या बंद पेटीतून नशिबाने निघतात, पेटी उघडायची चावी विकत घ्यावी लागते आणि निघालेली वस्तू दुसऱ्याला देता-विकता येते. दुर्मीळ चाकूला बाजारभाव आला की तो चाकू चलन बनतो. तसंच झालं. स्किन लावून सामन्यांवर पैजा खेळवणारी संकेतस्थळं निघाली आणि ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतला आयबायपॉवर हा तगडा संघ दुबळ्या मानल्या जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून 16-4 असा कोसळला. सामना ठरवून सोडलेला होता आणि मोबदला महागड्या स्किनमध्ये चुकता झाला होता. जानेवारी 2015 मध्ये व्हॅल्व्हने त्यात सामील खेळाडूंना आपल्या स्पर्धांची दारं बंद केली. पैजेच्या संकेतस्थळांना नोटिसा गेल्या त्या मात्र 2016 च्या उन्हाळ्यात. तेव्हा ‘स्किनने खेळ बदलत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं मानायला हवं. गोळी बदलत नाही, पण गोळी झाडणाऱ्यापुढे आमिष येऊन पडतं.

कधी कधी तर नुसता रंगही खेळ बदलतो. कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनमध्ये 2020-21 च्या सुमारास रोझ नावाच्या पात्राचा काळाकुट्ट पोशाख गाजला. तो अंगावर चढवून खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलं की समोरच्याला माणूस दिसेच ना. हा पोशाख बॅटल पासमधून मिळे. तक्रारींचा पूर आल्यावर कंपनीला तो उजळावा लागला. 2023 मध्ये त्याच मालिकेत फांद्यांच्या सांगाड्यासारखं आरपार दिसणारं एक पात्र विक्रीला आलं आणि तेही काही काळ काढून घ्यावं लागलं. एवढा अनुभव असलेल्या कंपनीकडून ही चूक दोनदा होते, कारण स्किन रंगवणाऱ्याला ती उठून दिसावी, विकली जावी एवढंच सांगितलेलं असावं. दुकान आणि खेळ वेगवेगळ्या टेबलांवर तयार होत असावेत.

मात्र खरी हानी याच्याही पलीकडे, रोजच्या सरावाच्या सामन्यांत आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

क्लॅश रोयालचं उदाहरण डोळ्यांसमोर धरावं. 2016 साली आलेल्या या मोबाइल खेळात प्रत्येक पत्त्याची पातळी असते आणि ती वाढवायला वेळ किंवा पैसा लागतो. बंदूकधारी मस्केटिअरवर त्याच पातळीचा फायरबॉल पडला तर ती अगदी थोडक्या जीवावर वाचते आणि उलट गोळ्या झाडते. फायरबॉल एक पातळी वरचा असेल तर जागच्या जागी मरते. एका क्षणाचा फरक, पण त्यावर सगळी गणितं फिरतात: ती वाचणार या हिशेबाने आखलेला हल्ला कोसळतो, पत्ते उतरवायला खर्च केलेलं एलिक्झर वाया जातं, बुरूज जातो. हरलेला मुलगा रिप्ले पाहतो आणि त्याला शिकण्यासारखी एकही चूक सापडत नाही. जागतिक स्पर्धेत हा प्रकार होऊ शकत नाही, कारण तिथे सगळ्यांचे पत्ते एका ठरावीक पातळीवर आणून ठेवतात. खेळाची मालक कंपनी सुपरसेलने हा नियम स्वतःच केला. खेळ बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे की विकत घेतलेल्या पातळीवर झालेल्या लढतीला स्पर्धा म्हणता येत नाही. फक्त रोज खेळणाऱ्या लाखो लोकांना तो न्याय मिळत नाही.

फुटबॉलच्या फिफा मालिकेने तर स्पर्धेकडे नेणारी शिडीच विक्रीला काढली. तिच्या अल्टिमेट टीम या प्रकारात खेळाडूंचे पत्ते बंद पाकिटांतून निघतात. कोणाला एम्बापेसारखा तारा लागतो, कोणाला बाकावर बसणारा राखीव. फिफा 17 मध्ये वीकेंड लीग आली: शनिवार-रविवार धरून 40 सामने, आणि तिथून वर जात जात अधिकृत विश्वस्पर्धेच्या पात्रतेची वाट. म्हणजे मान्यताप्राप्त स्पर्धेच्या दारापर्यंत जायचं ते आपल्या पाकिटांतून निघालेला संघ घेऊन. नवा खेळ आला की जमवलेला संघ मागे राहतो, पुन्हा शून्यापासून पाकिटं. मार्च 2021 ला संपलेल्या आर्थिक वर्षात ही मालिका बनवणाऱ्या ईए कंपनीला अल्टिमेट टीममधून 162 कोटी डॉलर मिळाले, कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. चांगली पाकिटं फुकटही मिळतात, बाजारात व्यवहार करून संघ उभारता येतो, असं समर्थन होतं. ते खोटं नाही. पण ज्या मुलाचा शनिवार खेळण्यात आणि उरलेला आठवडा नाणी जमवण्यात जातो, त्याला पैसे भरणाऱ्यापेक्षा सरावाचे तास कमी मिळतात. त्याच्याकडून कंपनी पैसे घेत नाही, सराव घेते.

या मार्गावरून परतलेलेही आहेत आणि त्यांची नोंद मनापासून घ्यायला हवी. लीग ऑफ लेजंड्समध्ये आकडे वाढवणाऱ्या रून खेळातल्या कमाईने जमवाव्या लागत. 2017 च्या अखेरीस त्या सगळ्यांना मोफत झाल्या. ओव्हरवॉच 2 ने ऑक्टोबर 2022 मध्ये उलटी चाल केली होती. किरिको ही नवी नायिका बॅटल पास विकत घेणाऱ्याला लगेच मिळे, न घेणाऱ्याला पासच्या 55 व्या पायरीवर. या खेळाचा जीवच समोरच्याने काय घेतलं ते पाहून आपला हिरो बदलण्यात आहे, म्हणजे कुलूप नेमकं डावपेचालाच लागलं. एप्रिल 2024 मध्ये, दहाव्या मोसमापासून, सगळे हिरो सगळ्यांना खुले झाले. दुकान बंद पडलं नाही. कपडे विकले जातच राहिले.

बीजीएमआय या मोबाइल खेळाचं आपल्याकडचं वेड बघता हेच दिसतं. एम416 ची बर्फाळ ‘ग्लेशियर’ स्किन हातात असणं हा पोरांमध्ये मोठा मान आहे. यूसी हे खेळातलं चलन टाकून क्रेट उघडणाऱ्यांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. तरी गोळीचा मार साध्या एम416 इतकाच. ग्लेशियरवाल्याला बिनस्किनचा खेळाडू पाडतो तेव्हा ती किल जास्तच गोड लागते. इथला धोका स्पर्धेला कमी आणि घरातल्या पैशांना अधिक आहे. 2021 मध्ये खेळ भारतात आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला सात हजार रुपयांची खर्चमर्यादा घातली होती. महाराष्ट्रातल्या किती घरांत एका मुलासाठी दिवसाला सात हजार निघतात, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा पाहायला हवं होतं.

फ्री फायरची गोष्ट वेगळी, कारण तिथे पैसा थेट अंगात शिरतो. डीजे आलोक हे पात्र 599 डायमंडला मिळायचं. त्याचं बटण दाबलं की भोवती पाच मीटरचं रिंगण उठतं, आतल्या साथीदारांचे पाय वेगाने चालतात आणि सांडलेलं रक्त भरत जातं. शेवटच्या झोनमध्ये दोन स्क्वॉड समोरासमोर आले की हे रिंगण कोणाकडे आहे यावर बरंच काही ठरतं. वर्षानुवर्षं रँक पुश करणाऱ्या गरीब घरच्या मुलाने हा फरक सोसला आणि त्याची भरपाई नेमबाजीने करत राहिला. काहींनी केलीही. बाकीचे खेळ सोडून गेले, आणि त्यांच्यातला कोण कुठवर पोचला असता ते आता कळणार नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी, मानाची जागा दिली. ई-स्पोर्ट्सची व्याख्या करताना निकाल केवळ शारीरिक चपळाई, बुद्धीची तल्लखता, डावपेच अशा कौशल्यांवर ठरला पाहिजे असं कायदा म्हणतो. प्रवेश फी आणि बक्षीस चालेल, पैज चालणार नाही. टूर्नामेंटच्या खोलीत हा ‘केवळ’ पाळणं सोपं आहे, अ‍ॅट्रिब्यूटचं बटण तिथे आहेच. पण त्या खोलीपर्यंत पोचणारी मुलं निवडली जातात रँकच्या सामन्यांतून, आणि ई-स्पोर्ट्सची मान्यता मागणाऱ्या प्रत्येक कंपनीला क्रीडा मंत्रालयाने आधी तिथलाच हिशेब विचारायला हवा: तुमच्या रँकमध्ये एकही रुपया न भरलेल्या मुलाच्या बंदुकीतून सुटलेली गोळी इतरांइतकाच मार करते का?