नवा खेळ की नवे चित्र?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आसनगावातील एका घरी आम्ही संगणकावर ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम लावला. आठवी-नववीची पाच-सहा मुले भोवती जमली. राजस्थानी धाटणीचे महाल आणि पहाडी शैलीची आठवण देणारी चित्रे पाहून “हे तर आपल्याकडचं आहे!” असे उद्गार निघाले. पाऊण तासाने मात्र निम्मी मुले अंगणात लगोरी खेळायला निघून गेली. गेम नवा होता, देखणा होता. मग मुले उठली का?

पाच-सहा मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण प्रश्न शिक्षकांच्या कामाचा आहे. ‘खेळातून शिक्षण’ या नावाखाली शाळांपुढे नवनवे गेम येतात. त्यांचे नावीन्य नेमके कशात आहे, हे तपासायचे कसे?

‘राजी’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा तिचा प्रयत्न फसला होता. तरीही काम तडीस गेले आणि ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळाले. हे कौतुकास्पदच आहे. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडते.

आता खेळाकडे वळू. खांबाला धरून गिरकी घेत वार करणे, भिंतीवर धावत जाऊन उलटे झेपावणे, ही कल्पना खरोखरच नवी आणि कथेला शोभणारी आहे. पण एकदा हात बसला की तोच वार पुन्हा पुन्हा चालतो. आज वेगळे काय करावे, असा विचार करण्याची पाळी क्वचितच येते. चित्राची वर्तुळे फिरवून जुळवण्याची कोडी सुंदर आहेत. परंतु फारसा विचार न करता फिरवत राहिले तरी ती बहुधा सुटतात. कथाही शेवटी एकाएकी तुटते. नावीन्य डोळ्यांना जाणवते, निर्णयांत ते उतरत नाही.

याच्या उलट उदाहरण टेट्रिसचे. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो रचला. त्यांच्या यंत्रावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. कंसाची चिन्हे जोडून आकार दाखवले गेले. कथा नाही, नायक नाही. चार चौकोनांचे सात आकार आणि भरलेली ओळ नाहीशी होण्याचा एक नियम, एवढेच भांडवल. पण या नियमामुळे बरोबर केलेले पुसले जाते आणि चुका मात्र साचत जातात. म्हणून प्रत्येक आकाराला नव्याने विचार करावा लागतो. येथे नावीन्य नियमात आहे.

आपल्या कबड्डीतही असे घडले. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियम आहे. दिवे आणि संगीत काढून घेतले तरी या नियमाने आलेली चुरस उरेल.

मग चित्र आणि कथा निरुपयोगी म्हणावीत काय? तसे नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मलोन यांनी एकाच गेममधले एकेक अंग काढून त्याची अनेक रूपे तयार केली आणि मुलांना कोणते आवडते ते पाहिले. अपूर्णांक शिकवणाऱ्या एका गेममध्ये बाणाने फुगे फोडायचे होते. ती कल्पना मुलग्यांना भावली, मुलींना मात्र तितकीशी रुचली नाही. म्हणजे सजावटीचा परिणाम होतो, पण सर्वांवर सारखा होत नाही. ‘राजी’तल्या ओळखीच्या चित्रांनी आमच्या मुलांना बसवले, हे खरेच आहे. त्यांना बसवून ठेवण्याचे काम मात्र नियमांचे होते.

तेव्हा ‘राजी’ जरूर पाहावा. आपल्या चित्रपरंपरेचा असा वापर विरळाच. पण नावीन्य म्हणजे रंजकता, हे समीकरण त्यावरून मांडू नये. शाळेत नवा गेम आला तर मलोन यांचीच रीत वापरावी. मनातल्या मनात चित्रे, आवाज आणि बक्षिसाचे तारे काढून टाकावेत आणि विचारावे : मुलाला आता काही ठरवावे लागते का? चुकल्यावर का चुकले, ते त्याला कळते का? दुसऱ्या डावात तो वेगळे काही करून पाहील का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ असतील, तर आपण गेम नव्हे, चित्रांची वही विकत घेत आहोत.

अंगणात गेलेल्या मुलांची संख्या लगोरीला कमी पडत होती. त्यांनी चेंडू डाव्या हाताने मारायचा, असा नियम केला आणि अंधार पडेपर्यंत खेळ चालला.